केसांची उशी

५ फेब्रुवारी १९७३, सोमवार. चिंचकुंडी

आले एकदाची! कळंबला एस.टी.त चढले तेव्हा बसायला जागा नव्हती आणि उतरले तेव्हा उभं राहायला पायांत त्राण नव्हतं, पण मन एकदम खुशीत. स्टँडवर दवाखान्याचा वॉर्डबॉय श्रीपती घ्यायला आला होता. आडदांड गडी, बोलणं मात्र नव्या नवरीचं. त्यानं माझी ट्रंक उचलायच्या आधीच एका बाईनं ती डोक्यावर घेतली आणि ती चालायलाही लागली. ही पुतळाबाई, दवाखान्यातली आया. झाडलोट, चादरी धुणं, बाळंतिणींचं सगळं तीच करते. मी तिला मावशी म्हणणार आहे.

दवाखाना सहकारी आहे. आजूबाजूच्या गावांनी मिळून मंडळ काढलं, चेअरमन आण्णासाहेबांनी जागा दिली आणि अडलेल्या बाईला बैलगाडीतून कळंबला न्यायची वेळ टळली. इमारत नवी, पांढरी, व्हरांडा ऐसपैस. आण्णासाहेबांनी हार घालून माझं स्वागत केलं. हार कागदी फुलांचा होता, कारण खऱ्या फुलांना पाणी कुठलं? पाऊस असा नाहीच. सगळा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडतोय, आणि बोटं ठेचून घेऊन आमच्याकडे येतोय.

महारुद्र डॉक्टर हसरे आहेत, सारखी सुपारी कातरत असतात. कंपाउंडर धोंडप्पा म्हातारा, कपाळाला भस्म, शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. त्यानं माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं. मग सगळ्यांचा चहा कपात आणि माझा वेगळ्या पेल्यात आला. मी तो मुद्दाम फुर्रफुर्र आवाज करत प्यायले. छप्पन साली बाबांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा ती टोपली माझ्या डोक्यावर होती. असल्या पेल्यांनी मी दबत नाही.

राहायला दवाखान्यामागं एक खोली. खिडकी आहे, खुंटी आहे, दाराला कडी आहे. सोलापूरच्या नर्सिंगच्या हॉस्टेलात आम्ही एका खोलीत किती जणी होतो ते आठवलं आणि एकटीच हसले. दादाला कार्ड टाकायचं: पोचले, खूश आहे.

७ फेब्रुवारी, बुधवार

इंजेक्शनच्या खोलीत आज पहिल्यांदा नीट काम केलं. जे पाहिलं ते लिहून ठेवते.

टेबलावर एक उशी आहे. तान्ह्या बाळाला देतात तेवढी, मांजरपाटाची. कधीकाळी पांढरी असेल. आता मधोमध काळी, कडेनं पिवळी आणि हाताला तेलकट. तिच्यात सुया टोचून ठेवलेल्या. इंजेक्शनच्या, टाके घालायच्या, वर ब्लेडची पाती. सगळ्या वापरलेल्या. रोग्याच्या दंडातून सुई काढली की ती रक्तासकट उशीत खुपसायची. पुढचा रोगी आला की उपसायची, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्यासारखं करायचं आणि त्याला टोचायची. स्टरलायझर कोपऱ्यात आहे, त्याच्या तळाला पिवळट पाण्याचा साका. धोंडप्पा म्हणाला, टँकरचं पाणी माणसांच्या घशाला पुरत न्हाय, सुयांचे कसले लाड करता.

आत काय भरलंय, मी विचारलं. केस, तो म्हणाला. ऑपरेशनच्या आणि बाळंतपणाच्या आधी रोग्यांचे काढलेले केस. डोक्यावरचे, आणि बाकीचेही. त्यांना खोबरेल चोळून ती उशी भरली आहे. केसांत सुई गंजत नाही, ही त्याच्या आज्याची विद्या. आजा निजामाच्या राज्यात जखमा शिवणारा जर्राह होता म्हणे. सुई गंजत नाही हे खरं असेलही. पण म्हणून हे?

वर आणखी एक रीत आहे. कामावरच्या कुणालाही सुई टोचली की रक्त आलेलं बोट तसंच उशीवर दाबायचं. मग ते पिकत नाही, असं हे सगळे मानतात. माझ्यासमोर श्रीपतीनं दाबलं. डोळे मिटून, चांगलं दमभर. उशीवर ओला डाग पडला आणि बघता बघता आत मुरला.

मी वाकून वास घेतला. न धुतलेल्या डोक्याचा वास, त्याखाली खवट तेल, आणि त्याच्याही खाली नाळेचा. बाहेर गेले आणि भिंतीकडेला ओकले. तोंड धुवायला अर्धा तांब्या गेला, त्याबद्दल धोंडप्पानं बोलून घेतलं ते निराळंच.

११ फेब्रुवारी, रविवार

आज मावशीचे हात नीट पाहिले. मागं ती चादरी धूत बसली होती, म्हणजे जेमतेम ओल्या करून राखेनं घासत होती. चादरींच्या घड्यांत सुया राहतात. डॉक्टर टाके घालतात आणि सुई तिथंच गादीत टोचून ठेवून पुढच्या खाटेकडे जातात. मावशी आंधळेपणानं चादर गोळा करते आणि सुई हातात जाते. बोटांच्या पेरांवर काळे ठिपके, काही ठिकाणी गाठी, एका नखाखाली पू. मी तो काढला. हिरवट निघाला आणि त्याला उशीचाच वास होता. तिला दुखतंय का विचारलं तर म्हणाली, हातच तसलं हाईत वो शिस्टर, रोजच टोचतंय, उशीला दिलं की झालं.

माझ्या आधीची नर्स मथुराबाई का गेली, तेही तिच्याकडूनच कळलं. डोळे हळदीसारखे झाले, लघवी काळी झाली, माहेरी नेली आणि तिथंच संपली. डॉक्टर म्हणतात, पाण्यामुळं. पाणी तर सगळं गाव तेच पितं! कावीळ एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात सुईवाटे जाते, हे आम्हाला सोलापूरला मेट्रननी घोकून घेतलं होतं. वापरलेली सुई हातात रेंगाळू द्यायची नाही, कुठं टोचून ठेवायची नाही, तिच्यासाठी आपला एकच डबा. मी तसा केला. डालडाचा रिकामा डबा घेतला, झाकणाला फट पाडली, वर लाल शाईनं सुई काढली. चादर हातानं नाही, चिमट्यानं झटकायची. रोज एकदा तरी सुया ताज्या पाण्यात उकळायच्या, लागलं तर माझ्या घागरीतलं पाणी घ्या.

सगळ्यांना उभं करून सांगितलं. श्रीपती खाली बघून हसत होता. डॉक्टर म्हणाले, छान आहे, चालू द्या, पण म्हाताऱ्याला दुखवू नका. धोंडप्पानं फक्त उशी उचलून ऊन लागणार नाही अशी सरकवली.

मावशीचे हात बरे करायचेच, आता माझा हट्ट आहे.

१७ फेब्रुवारी, शनिवार

डबा रोज संध्याकाळी रिकामाच. उशी मात्र भरलेली. सगळे माझ्यासमोर "व्हय शिस्टर" म्हणतात आणि माझी पाठ वळली की हात तिकडेच जातो. मुद्दाम करत नाहीत, हेच जास्त चीड आणतं. आज तर डॉक्टर माझ्याशी डब्याविषयीच बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनी सुई उशीत खुपसली.

आणि ही माणसं फार टोचून घेतात. इतकं कुठं टोचतं का? सोलापूरला एवढ्या गर्दीत एखाद्याला कधीतरी टोचायचं. इथं दुपारपर्यंत प्रत्येकाचं एखादं बोट लाल. मावशीला टोचलं तेव्हा मी दारात होते. ती हात झटकत नाही, ओरडत नाही. सरळ उशीकडे गेली आणि बोट दाबलं. उन्हातून आलेल्या माणसाला घोटभर पाणी मिळावं तसा तिचा चेहरा निवला. मी तिला खेचून बाजूला केलं. तिनं माझ्याकडे इतक्या रागानं पाहिलं की मी दचकले. मग लगेच ओशाळली आणि पदरानं माझा चेहरा पुसला.

उशी ओली असते. गावात जमिनीला भेगा पडल्यात, माझे ओठ फुटलेत आणि ही उशी ओली! चिमट्यानं दाबली तर कडेच्या शिवणीतून घट्ट पिवळं तेल आलं, त्यात लाल तंतू. चिमटा तसाच टाकून दिला.

२४ फेब्रुवारी, शनिवार

श्रीपतीला कावीळ. कालपर्यंत अंगात कणकण आहे म्हणत होता, आज डोळ्यांचे पांढरे भाग पिवळेजर्द. अंगाला खाज. खाजवून पोटावर ओरखडे काढलेत. तरी कामावर येतो आणि मी लक्ष ठेवलं नाही तर सुया हाताळतो. मी डॉक्टरांना स्पष्ट म्हणाले, आधी मथुराबाई, आता श्रीपती, उद्या मावशी, उशी काढा. ते सुपारी कातरत म्हणाले, पाण्याचा दोष आहे, पाऊस पडला की जाईल. पुढच्या महिन्यात दुष्काळी कामावरच्या लोकांना पटकीची लस द्यायची आहे, बायापोरं सगळी. त्यांना काय टोचणार आहात, मी विचारलं. ते हसले. मला त्यांच्या हसण्याचीही किळस यायला लागली आहे.

तीच सुई, तीच उशी आणि ती सगळी पोरं. मला जेवण गेलं नाही.

१ मार्च, गुरुवार

आज दुपारी सगळे जेवायला गेल्यावर उशी फाडली.

जाड कात्री घेतली. शिवण उसवली तर आतले केस बाहेर पडावेत की नाही? पडले नाहीत. कितीतरी माणसांचे, आखूड, लांब, पांढरे, काळे, कुरळे, वेगवेगळे कापलेले केस असायला हवेत. आत सगळे एकाच जातीचे होते. लांब, काळे, ओले, एका दिशेनं वळलेले. ओढून पाहिले तर तटतटले. त्यांना मुळं होती. पांढरी, कांद्याच्या मुळासारखी टोकं. कापडाच्या आतल्या बाजूला काहीतरी मऊ, फिकट, कोंडा धरलेलं होतं, त्यातून ते केस निघालेले. मधोमध भोवरा. माणसाच्या डोक्यावर असतो तसा. मी कात्रीचं टोक लावलं तर त्याला घाम आला.

हे मी शुद्धीवर राहून लिहिते आहे. मला ताप नाही. मी भुताखेतांना मानत नाही, आणि हे भूत नव्हतंच. घाण होती. माणसांनी आपल्या हातानं पोसलेली घाण.

आत हरवलेल्या सुया किती तरी. सगळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला. त्यातली एक माझ्या डाव्या तळहातात, अंगठ्याच्या बुडाशी शिरली आणि आत मोडली. बाहेर राहिलेला तुकडा उपटला, पिळून रक्त काढलं, स्पिरिट ओतलं. उशीला काही दिलं नाही. वाटलं होतं द्यावं. फार वाटलं.

मग मागच्या अंगणात रॉकेल ओतून पेटवली. चरबी जळावी तशी चुरचुरली. धूर उंच गेला नाही, जमिनीलगत पसरला. सगळे धावत आले. श्रीपती रडला. मावशी रडली. धोंडप्पा तेवढा शांत उभा होता. म्हणाला, जाळली त्याचं काय न्हाय शिस्टर, सुईला बसाया जागा लागती, ती आपली बघून घेती.

मी म्हणाले, डबा आहे की.

६ मार्च, मंगळवार

डबा भरला! खुळखुळ वाजतो. ताज्या पाण्यात सुया उकळल्या, टँकरवाल्याशी भांडून एक घागर जास्त मिळवली. मावशीनं चादरी चिमट्यानं झटकल्या, तिच्या हातावरच्या गाठी बसायला लागल्यात. डॉक्टरही गुमान डब्यात सुई टाकतात. आज भाकरी चवीनं खाल्ली. मावशीनं हरभऱ्याच्या सुक्या पाल्याची भाजी आणली होती, ती बोटं चाटून खाल्ली.

हाताची जखम मिटली. पू नाही, सूज नाही. आत मोडलेलं टोक लागत नाही.

१० मार्च, शनिवार

तळहातावर जखमेच्या जागी काळा ठिपका आलाय. दाबला की खाली काहीतरी सरकतं, गुंडाळी होऊन बसल्यासारखं. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, नारू. इकडं बारवेच्या पाण्यानं नारू होतो, दोऱ्यासारखा पांढरा जंत, पायात होतो बहुतेक, पण हातातही निघतो. नारू ओढायची रीत सगळ्यांना ठाऊक: टोक काडीला गुंडाळायचं आणि हळूहळू फिरवायचं, तुटू द्यायचा नाही. डॉक्टरांनी आगकाडी घेतली, टोक पकडलं, फिरवायला लागले. पांढरं काही आलं नाही. काळं आलं. फिरवत राहिले. काडी जाड झाली तरी येतच होतं.

केस होता. तेल लागलेला. हातभर.

डॉक्टर म्हणाले, अरे, केस आहे. आणि हसले. मी त्यांच्या टेबलावर ओकले. नंतर तळहाताकडे पाहिलं तर त्याच भोकातून दुसरा डोकावत होता.

दुखलं नाही अजिबात. त्याचीच जास्त भीती वाटते.

१३ मार्च, मंगळवार

ब्लेडनं रोज सकाळी काढते. दुपारी परत असतात. आता मनगटापर्यंत. हातमोजा घालून काम करते, कुणी विचारत नाही. घामाला तो वास. अंघोळीला पाणी नाही, राखेनं चोळते, तरी तोच.

आज मावशीला सुई टोचली. डबा हाताशी होता, कापूस होता. ती डब्याकडे वळलीच नाही. माझ्याजवळ आली, लेकराचा हात धरावा तसा माझा डावा हात धरला, हातमोजा काढला आणि आपलं बोट माझ्या तळहातावर दाबलं. मी हात ओढायला हवा होता.

ओढला नाही. घशात गार पाणी गेलं. पोट भरलं. मला बरं वाटलं.

नंतर मी तिला ओरडले, शिव्या दिल्या. डबा असताना हे का केलंस? तिला खरंच कळत नव्हतं मी कशाबद्दल बोलते. एवढंच म्हणाली, डबा कोरडा हाय वो बाई.

१६ मार्च, शुक्रवार

अंग पुसताना उजव्या दंडात सुई सापडली. पुरती रुतलेली, फक्त बूड वर. रक्त नाही. मग खांद्यामागं एक. मानेखाली ब्लेडचं पातं.

आठवून पाहिलं. सकाळी श्रीपती माझ्याशी बोलत उभा होता. पावसाबद्दल. बोलता बोलता त्याचा हात माझ्या दंडाशी आला होता आणि गेला. त्याला माहीत नसणार. मलाही नव्हतं.

आरशात डोळे पिवळे.

सगळ्या उपटल्या, डब्यात टाकल्या. उपटताना ओरडले. टोचताना दुखलं नव्हतं, काढताना दुखलं — भूक लागल्यासारखं.

१९ मार्च, सोमवार

मावशी पिवळी पडली आहे. माझ्यामुळे. तिचं बोट माझ्या हातावर — माझं तिच्यात, तिचं माझ्यात. मथुराबाईचंसुद्धा असेल, उशीतलं. सगळं एकात.

इथून जायचं. मी गेले की ते डबा वापरतील. वापरायलाच हवा. बुधवारी लस आहे. पोरं येणार.

स्टँडवर गेले. ट्रंक जड झाली होती, की मी जड झाले होते. कळंबची बस लागली. पायरीवर पाय ठेवला तर मागून मावशी आणि श्रीपती. मला अडवलं नाही. ट्रंक उतरवून घेतली, माझा हात धरला, मायेनं, आणि चालायला लागले. मावशी म्हणत होती, तुमी गेल्यावर दवाखाना कसा चालायचा वो. मी म्हणाले, डबा. तिनं ऐकलं नाही. रस्ताभर तिचा अंगठा माझ्या तळहातावर — दाबत —

मी तिला दूर ढकललं नाही.

२० मार्च

डॉक्टर तपासायला आले. जीभ बघितली. म्हणाले, जिभेवर केस दिसतायत, उष्णता असेल. जाताना सुई —

मी त्यांना सांगितलं. माझ्यात खुपसलीत डॉक्टर, बघा. त्यांनी बघितलं. अरे हो, म्हणाले. काढली नाही.

डबा दिसत नाही. मावशी त्यात पीठ ठेवते आता. धुऊन घेतलाय म्हणाली.

बोलताना केस घशात येतात. गिळले. पुन्हा येतात. तेलकट —

२१ मार्च

व्हरांडा. मला खुर्चीत आणून बसवलं. टेबल जिथं असतं तिथं. उजवा हात अजून चालतो, वही मांडीवर आहे.

रांग फाटकाबाहेर गेली आहे. खडीवरच्या बाया, कडेवर पोरं. नाकं वाहतायत. आज टँकर आला नाही. स्टरलायझर पालथा.

बोलता येत नाही. तोंड भरलंय. ओढले तर मुळासकट —

मोठ्या अक्षरांत लिहिलं: सुया उकळा. माझ्यातल्या घेऊ नका. पोरांना कावीळ होईल. पान वर धरलं. बायांना वाचता येत नाही, त्या हसल्या. धोंडप्पानं वाचलं नाही.

डॉक्टर आले. वाचलं. सगळं वाचलं. मान हलवली. बरोबर आहे सिस्टर, म्हणाले. त्यांच्या बोटाला रक्त होतं, ते माझ्या हातावर —

गार. किती गार. आणखी —

नको. नको लिहायचं होतं.

पहिली पोरगी पुढं आली. बाही वर केली. दंड काडीएवढा. माझ्याकडे बघते, घाबरलेली. मी मान हलवते, नाही, नाही. तिला वाटतं मी समजूत घालते. हसली.

धोंडप्पानं सिरिंज भरली. आता सुई. हात माझ्या खांद्याकडे —

ओढली. पुसली. तिच्या —

उकळा. धोंडप्पा. पाणी माझ्या घागरीत आहे. खोलीत, दाराशी. निदान उकळून घ्या, निदान ही एक उकळ